उजवीकडे वळलेली वेणी

६ सप्टेंबर

मावशे,

आधी मुद्द्याचं सांगते, म्हणजे पाकीट फोडतानाची धडधड थांबेल. पोटातलं ठीक आहे. चार महिने पूर्ण झाले. पण काल डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, की आता बाळ होईपर्यंत पलंग सोडायचा नाही. न्हाणीघरापर्यंत जायचं, परत यायचं, बस. तारीख अठरा फेब्रुवारीची आहे. किती दिवस होतात ते तूच मोज, मला मोजवत नाही.

मागच्या दोन्ही वेळा काय झालं ते तुला सांगायला नको, माझ्या उशाशी तूच होतीस. दोन्ही वेळा पाचवा महिना लागला आणि संपलं. आता पाचवा लागलाय. मी कूस बदलते तीसुद्धा कुणाची तरी परवानगी काढल्यासारखी.

लिफ्टवाला (तुझे लाडके जावईबापू) सकाळी डबा, पाण्याची बाटली आणि वर्तमानपत्र हाताशी ठेवून कामावर जातो. गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करतो, आणि आमच्या स्वतःच्या इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्यावर येताना कण्हते. दिवसातून किती वेळा कण्हते ते मी मोजायला लागले आहे. काल एकेचाळीस. यावरून काय ते समज.

मला विणायला शिकव. हसू नकोस. आई गेल्यावर तुझ्याकडे आले तेव्हा तू शिकवायला बसायचीस आणि मी सुया घेऊन काकांशी तलवारबाजी खेळायचे, हे सगळं कबूल. आता शहाणी झाले आहे. तुमच्याकडे फोन घ्यायचं काका दहा वर्षं ठरवतायत, तेव्हा पत्रातूनच शिकव.

तुझी
टाचणी

•

११ सप्टेंबर

टाचणे,

अनेक आशीर्वाद, आणि त्यातले निम्मे त्या आतल्या पाहुण्याला.

सोबत दोन सुया, एक छोटी तिसरी सुई आणि धुरकट निळ्या लोकरीचे चार गोळे पाठवले आहेत. मऊ आहे, गालाला लावून बघ. आपण बाळाची शाल करायची. पण अख्खी शाल तुझ्या पोटावर नको, लोकरीचं ओझं किती होतं ते विणणारीलाच ठाऊक. म्हणून निम्मी तू विण, निम्मी मी विणते. फेब्रुवारीत मी येईन तेव्हा तुझ्या पलंगावर बसून मधोमध जोडू. बाळंतपणाला मी येणार आहे हे तर धरूनच चाल. तीन महिने राहीन. बाळाची आंघोळ, तेल, दुपटी, सगळं माझ्याकडे. तू फक्त दूध पाज आणि झोप.

नव्वद टाके घाल. सुरुवातीला एक सुलट, एक उलट अशा दहा ओळी. मग मधल्या सहा टाक्यांची वेणी. दर आठव्या ओळीला त्यातले पहिले तीन टाके छोट्या सुईवर घेऊन पुढे लोंबत सोडायचे, मागचे तीन विणायचे, आणि मग ते लोंबणारे तीन विणायचे. झाली वेणी. ती डावीकडे वळलेली दिसेल. तुझ्या लहानपणीच्या सगळ्या स्वेटरांवर हीच होती, मला दुसरी येत नाही आणि यायची गरजही पडली नाही.

चुकलीस तर घाबरू नको. कापड एकदा कापलं की कापलं. लोकरीचं तसं नाही. उसव, पुन्हा सरळ धागा हातात. मी तुझ्या काकांचा एक स्वेटर चार वेळा उसवून चार वेळा केला, कारण त्यांचं पोट ऐकत नव्हतं.

लिफ्ट मोजायची नाही. टाके मोज.

मावशी

•

४ ऑक्टोबर

मावशे,

नव्वद टाके घातले होते. वीस ओळींनंतर मोजले तर एकशे तीन. मी काही वाढवले नाहीत, शप्पथ. रात्री आपसांत ठरवून आले असावेत. लिफ्टवाला म्हणाला, ओव्हरलोड झालंय, तेरा जणांना उतरव. मग सगळं उसवलं. तू म्हणालीस तसा पुन्हा सरळ धागा हातात आला, फक्त जरा कुरळा झालेला.

तुझं ते वाक्य वाचून मी आधी रडले होते हे तुला सांगून टाकते. सगळंच असं उसवून पुन्हा घालता येत नाही ना. पण दुसऱ्यांदा घालायला घेतले तेव्हा एक कळलं. हात चालू असले की मन एकाच जागी बसून राहत नाही. ओळ संपेपर्यंत मी फक्त त्या ओळीपुरती असते. मग दुसरी ओळ. अशा ओळी करत करत मी इथवर आले आहे, आणि उद्या पाचवा महिना संपतो.

हे वाक्य लिहिताना मी तीनदा पेन खाली ठेवलं. नजर नको लागायला म्हणून लिहिणार नव्हते, पण तुला नाही सांगायचं तर कुणाला.

आज दुपारी ते आतून हललं. नीट, जाणवेल असं. मी सुया तशाच धरून बसून राहिले.

टाचणी

•

९ ऑक्टोबर

टाचणे, माझ्या बाळे,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं, मग तुझ्या काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते उठून माझ्यासाठी चहा करून घेऊन आले. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पहिल्यांदा त्यांनी न सांगता चहा केला, त्यात साखर विसरले, आणि मी तो गुपचूप प्यायले.

माझा तुकडा वीतभर झाला आहे. वेणी अशी उठून आली आहे की मीच बघत बसते. तुझ्या एकशे तीन टाक्यांवर मी खूप हसले. दर ओळीच्या सुरुवातीला धागा सुईवरून मागे पडतो आणि एकाचे दोन दिसतात, ते तू दोन म्हणून विणतेस. धागा खाली ठेवून सुरू कर, एकही पाहुणा वाढणार नाही.

पुढच्या आठवड्यात सविस्तर लिहिते.

मावशी

•

२ नोव्हेंबर

मावशे,

पुढचा आठवडा येऊन गेला, त्याच्या पुढचाही गेला. मी मध्ये दोन पत्रं टाकली, दोन्हींना उत्तर नाही. रागावलीस का? की पोस्टमन बदललाय?

सातवा लागेल आता. डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून एकेक आठवडा निघाला की तो कमाईचा. बाळ लहान आहे, पण ठोके चांगले आहेत. माझा तुकडा हातभर झालाय, पण वेणी रुसल्यासारखी चपटी बसते. तुझा तुकडा थोडे दिवस पाठवशील का? समोर ठेवून विणीन म्हणते. आणि खरं सांगू, उशाशी तुझ्या हातचं काहीतरी हवं आहे. मन फार भित्रं झालंय.

लगेच लिही, दोनच ओळी लिही.

टाचणी

•

८ नोव्हेंबर

टाचणे,

घाबरून जाऊ नको. अक्षर तुझ्या काकांचं आहे, शब्द माझे आहेत. माझा चष्मा फुटला. पायरीवरून घरंगळला आणि दोन्ही काचा गेल्या. इथला चष्मेवाला आजारी आहे, नवा यायला वेळ लागेल. तोवर मी सांगते आणि हे लिहितात. (पायरीवरून नव्हे, टेबलावरून. – काका.) लिहिणाऱ्याने मध्ये बोलू नये असं मी त्यांना बजावलं आहे.

त्यांचं अक्षर बघ कसं छापल्यासारखं. जन्मभर कचेरीत इमारतींचे आराखडे काढले, आता माझं पत्रसुद्धा पट्टी लावून लिहितात. एक पान लिहायला अख्खी दुपार घेतली, माझ्या तोंडचं वाक्य पुढे पळून जातं आणि हे मागच्या वाक्याचा काना नीट करत बसतात.

विणायला चष्मा लागत नाही, बोटांना दिसतं. तुकडा अजून थोडा होऊ दे, मग पाठवते. तुझी वेणी चपटी बसते कारण तू आजूबाजूचे टाके सुलट विणतेस. वेणीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन टाके उलट विण, मग बघ कशी वर येते.

माझी काळजी करायची नाही. पडून राहा. तू पलंगावरून उतरलीस असं माझ्या कानावर आलं तर मी येऊन कान उपटीन. (तिने हे दोनदा लिहायला सांगितलं आहे. – काका.)

मावशी

•

५ डिसेंबर

काका,

पाकिटावर मुद्दाम फक्त तुमचं नाव घातलं आहे. मावशीला दाखवू नका.

मावशीचा तुकडा काल मिळाला. उशाशी ठेवला, हात फिरवत होते, आणि हात मध्येच थांबला. खालचा वीतभर भाग तिचाच आहे, डोळे मिटून ओळखीन. वेणी डावीकडे वळलेली, टाके एकसारखे. पण त्याच्या वर एका ओळीपासून वेणी उजवीकडे वळायला लागते, ती शेवटपर्यंत. टाके इतके घट्ट, की सुई आत शिरणार नाही. दोन ठिकाणी टाका सुटून मागून दोऱ्याने बांधून टाकलाय. मावशी असं गाठ मारून कधी पुढे गेली आहे का? ती तर पाहुण्यांच्या अंगावरच्या स्वेटरातली चूक बघूनसुद्धा अस्वस्थ व्हायची.

काका, मला आजीचा मोजा आठवला. तुम्हालाही आठवत असेल. आजीला विसरायला व्हायला लागलं ते पहिल्यांदा त्या मोज्यातच कळलं होतं. टाच वळवायचीच ती विसरली आणि विणत राहिली, मोजा हातभर लांब झाला. आपण सगळे हसलो होतो. एकटी मावशी हसली नव्हती.

मावशीचं तसंच होतंय का? चाळीस वर्षांत जी वेणी बदलली नाही ती अशी फिरेल कशी? महिनाभर चष्मा होत नाही असा कुठला चष्मेवाला? तुम्ही दोघं माझ्यापासून काहीतरी लपवताय, आणि मी इथे छताकडे बघत त्यात नाही नाही ते भरतेय.

खरं काय ते लिहा. सोळा तारखेपर्यंत पत्र आलं नाही तर मी गाडीत बसून तिकडे येईन. डॉक्टरीणबाई काय म्हणतील ते मला माहीत आहे. तरी येईन.

टाचणी

•

१० डिसेंबर

चि. टाचणी,

आशीर्वाद. गाडीत बसायचं नाही. हे पत्र पूर्ण वाचल्याशिवाय काही ठरवायचंही नाही.

तुझी मावशी काही विसरलेली नाही. दुर्दैवाने काहीच विसरत नाही. १९८७ साली मी तिच्या भावाला काय बोललो होतो तेही काल ऐकून घेतलं.

चौदा ऑक्टोबरला सकाळी तिच्या हातून कप पडला. उचलायला गेली तर हात उचलला जाईना. उजवी बाजू गेली होती. तीन आठवडे इस्पितळात होतो. बोलणं चौथ्या दिवशी परत आलं, आणि पहिलं वाक्य होतं, 'टाचणीला कळता कामा नये.' पाय सुधारला, काठी घेऊन घरात फिरते. उजवा हात मात्र नाही. डॉक्टर म्हणतात थोडं येईल. ती म्हणते उगीच आशा लावू नका. चष्मा फुटलेला नाही. खोटं लिहिल्याबद्दल माफ कर. मी आयुष्यात चुकीचं माप कधी लिहिलं नव्हतं.

आता तुकड्याबद्दल. तू तो मागितलास तेव्हा तिने मला समोर बसवलं आणि म्हणाली, आता तुम्ही विणा. मला वाटलं थट्टा आहे. आराखड्याच्या कागदावर चौकोन पाडले, एका चौकोनात एक टाका, असा शालीचा पूर्ण नकाशा काढला. नकाशा उत्तम होता, विणता काही येईना. मग ती माझ्या शेजारी बसली. एक सुई निर्जीव हाताच्या काखेत दाबून धरायची आणि चालत्या हाताने दाखवायची. चालता हात तिचा डावा. मी शेजारी बसून तो बघायचो आणि तसंच करायचो, म्हणून माझाही डावाच चालायला लागला. जे विणलं ते सगळं उलट बाजूने झालं. म्हणून वेणी उजवीकडे वळली. हे मला बारा वेळा उसवल्यानंतर, चौथ्या आठवड्यात लक्षात आलं. मी शरमलो. म्हटलं, तेराव्यांदा उसवतो आणि उजव्या हाताने शिकतो. ती म्हणाली, 'राहू द्या. टाचणी नवशिकी आहे, तिला कळणार नाही.'

तिला सांगतो, की तुला कळलं. रागावेल, पण मला वाटतं मनातून खूष होईल. तिची शिकवणी फुकट गेली नाही.

तू झोपून राहा. तुझ्या मावशीने हे सगळं त्याच एका गोष्टीसाठी केलं आहे.

काका

•

१५ डिसेंबर

मावशे,

मी गाडीत बसले नाही. पलंगावरच आहे. हे पहिलं वाक्य तुझ्यासाठी.

आता भांडते. दोन महिने तू माझ्यापासून एवढं लपवलंस? मी इथे वेणी चपटी बसते म्हणून रडगाणं गात होते आणि तिकडे तुझा हात… मला पुढे लिहिता येत नाही. चिडले आहे, खूप रडले आहे, आणि तुझ्या जागी मी असते तर हेच केलं असतं म्हणून जास्त चिडले आहे.

तुझा तुकडा यासोबत परत पाठवते, पुरा करा, पण काकांना सांग, त्यांनी विणलेला भाग उसवायचा नाही. मी तो रोज हातात घेत होते. घट्ट आहे, लाकडासारखा आहे, आणि त्यात तुम्ही दोघं शेजारी बसलेले मला दिसता. तू ओरडताना आणि ते मान खाली घालून टाका शोधताना.

आणि आता ऐक. फेब्रुवारीत तू यायचंस. ठरल्याप्रमाणे. लिफ्टवाला स्टेशनवर चाकाची खुर्ची घेऊन येईल आणि आमची लिफ्ट त्या दिवशी कण्हणार नाही अशी त्याने हमी दिली आहे. मला तुझी भीती वाटत नाही, तुझ्यावाचूनची वाटते.

टाचणी

•

२१ डिसेंबर

टाचणे,

तुझ्या काकांना सांगितलं आहे, मी बोलते ते जसंच्या तसं लिहा, मध्ये कंस घालू नका.

मी येणार नाही. रागाने म्हणत नाही, नीट विचार करून म्हणते. तुला मी न्हाऊ घातलं, तुझे केस विंचरले, तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या, ते सगळं या हाताने. माझं प्रेम हातातच होतं गं. तोंडाने मला कधी बोलता आलं नाही, तोंडाने मी फक्त ओरडले. आता माझ्या झग्याचं बटण लावायला तुझे काका लागतात. परवा शेजारणीने तिचं मूल माझ्या मांडीवर ठेवलं आणि ते घसरायला लागलं. तिने पटकन धरलं. हसून म्हणाली, असू द्या. तिची चूक नव्हती. पण त्या क्षणी मला काय झालं ते मी तुझ्या काकांनाही सांगितलं नव्हतं, आज त्यांना लिहिताना कळतंय.

मी आले तर तुझ्या घरात सांभाळायला दोघं होतील, एक बाळ आणि एक म्हातारी. तू बाळाकडे बघशील की माझ्याकडे? मी तिथे बसून तुझी दमछाक बघू? रिकामे हात घेऊन मी तुझ्या दारात येणार नाही. माझी निम्मी शाल मात्र पुरी करून घेते यांच्याकडून. रोज दहा ओळी होतात. ती पार्सलने येईल.

माझ्यावर माया असेल तर मला आग्रह करू नको.

मावशी

(कंस घालू नका म्हणाली, तरी घालतो. ती हे सांगत होती तेव्हा मी दोनदा थांबलो. – काका.)

•

३ जानेवारी

मावशी, काका,

मला पत्र लिहिता येत नाही, मी फक्त बिघाडाचे रिपोर्ट लिहितो. तेव्हा तसंच लिहितो.

काल सकाळी सव्वासहाला दुखायला लागलं. अकराला ऑपरेशन केलं. मुलगी झाली. वजन एक किलो सातशे. सात आठवडे आधी आली. रडली, पण बारीक. लगेच काचेच्या पेटीत ठेवली आहे, नळ्या लावल्या आहेत. टाचणी शुद्धीवर आहे, तिला अजून चालता येत नाही. पुढचे दहा दिवस बघायचे असं डॉक्टर म्हणतात.

काचेतून बघितलं. तिने माझं बोट धरलं. मी रोज लिहितो.

तुमचा
जावई

•

१० जानेवारी

मावशे,

आपली मुलगी आठ दिवसांची झाली. नळ्या काढल्या. वजन आधी कमी झालं होतं, कालपासून चाळीस ग्रॅमने वाढलंय, त्या चाळीस ग्रॅमसाठी लिफ्टवाल्याने वॉर्डभर पेढ्यासारखी बातमी वाटली.

पण धोका टळलेला नाही. ती मध्येच श्वास घ्यायची विसरते. खरंच विसरते, इतकी लहान आहे. काही सेकंद छाती हलत नाही, यंत्र ओरडतं, मग सिस्टर तिच्या तळपायाला टिचकी मारतात आणि ती दचकून पुन्हा घेते. दिवसातून चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी माझाही श्वास तिथेच थांबतो.

यावर इथे एक उपाय करतात. बाळाला काचेच्या पेटीतून काढून माणसाच्या उघड्या छातीवर पालथं ठेवतात. कापडाने अंगाशी बांधून टाकतात, वरून पांघरूण. बस. माणसाने मागे टेकून पडून राहायचं. छातीची ऊब मिळते, खालचा श्वास वरखाली होताना जाणवतो, आणि मग बाळ आपला श्वास विसरत नाही. परवा मी तीन तास ठेवलं. तीन तासांत यंत्र एकदाही ओरडलं नाही.

दिवसाचे जितके जास्त तास होतील तितके हवेत, घरी गेल्यावरसुद्धा महिनाभर. माझ्या ऑपरेशनच्या जखमेत पू झालाय, ताप येतो, आणि ताप असला की मला ठेवू देत नाहीत. लिफ्टवाला सकाळी ठेवतो, पण सोमवारपासून त्याला कामावर जावं लागेल. दुपार रिकामी जाते, मावशी. दुपारी ती पेटीत असते आणि यंत्र ओरडतं.

तू आग्रह करू नको म्हणाली होतीस. मी आग्रह करत नाही. मी फक्त सिस्टरना विचारलं ते लिहिते. मी विचारलं, माझ्या मावशीचा एक हात चालत नाही, ती ठेवू शकेल का? त्या म्हणाल्या, 'हाताचं यात काय काम? बाळ आम्ही बांधून देतो. बाईंची छाती गरम आहे ना?'

तुमचं पार्सल मिळालं, पण शाल जोडायची राहिली. निम्मी तिच्या अंगावर असते, निम्मी धुवायला.

टाचणी

•

१५ जानेवारी

टाचणे

हे मी लिहिते डाव्या हाताने. हे तिकिटं काढायला गेलेत. घरी कोणी नाही. अक्षर लागेल तसं लाव.

शनिवारी दुपारी पोचतो. काठी आणते. खुर्ची नको.

काल सकाळी आणि आज दुपारी दोन्ही वेळा काखेत थर्मामीटर लावून बघितला. साडेसत्त्याण्णव भरलं. एवढं पुरतं का ते सिस्टरना विचारून ठेव.

मावशी